वाकोडे सर आणि मामींचा चष्मा

वाकोडे सर हातात येईल ती वस्तू आधी उजेडाकडे धरून बघत. पाण्याचा पेला, तुपाची बरणी, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका, काहीही. एका लग्नात त्यांनी मठ्ठ्याचा पेला खिडकीकडे धरला तेव्हा वाढणारा घाबरला. त्याला वाटलं, माशी पडली. "काही नाई रे बाप्पा, सवय हाय," म्हणत सरांनी मठ्ठा एका दमात पिऊन टाकला. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटोसुद्धा त्यांनी असाच दिव्यासमोर धरला. मुलाकडची मंडळी समोरच बसली होती. त्यानंतर विमलताई, म्हणजे सरांच्या पत्नी, कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलत नव्हत्या.

मी मूळची पुण्याची. यजमान तारखात्यात. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्यांची बदली अमरावतीला झाली आणि एम.एस्सी.ची पदवी ट्रंकेत घालून मीही आले. येण्याआधी सगळ्यांनी मला तिथल्या उन्हाबद्दल सावध केलं होतं. भाषेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात संशोधनासाठी साहाय्यक हवा आहे असं कळलं म्हणून भेटायला गेले. मुख्य इमारतीच्या मागे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या होत्या. विद्यापीठाची संशोधनाची मान्यता त्या दोन खोल्यांना होती आणि त्या दोन खोल्यांचे राजे वाकोडे सर होते.

"काऊन उभ्या आहात? बसा न," हे त्यांचं पहिलं वाक्य.

पुण्यात असं कुणी म्हणालं असतं तर मी आल्या पावली परत गेले असते. इथे उन्हातून चालत आले होते, म्हणून बसले. प्रबंधाची बांधीव प्रत पुढे केली. ती त्यांनी बाजूला सरकवली आणि विचारलं, "बाई, तुमाले पाक करता येते का?"

"कसला पाक?"

"साखरेचा. एकतारी."

मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. "येतो," मी तुटकपणे म्हटलं.

"आन् चुकून दोनतारी झाला तं?"

"तर रव्याचे लाडू दगडासारखे होतात."

सर खुर्चीतून उठलेच. "आता कसं! इतके एम.एस्सी.वाले येऊन गेले, एकाले हे सांगता नाई आलं. उद्यापासून या."

ती थट्टा नव्हती हे मला आठवड्याभरात समजलं. सरांचं सगळं संशोधन काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकवर चालायचं. पाण्यासारखा पातळ द्रव घ्यायचा, त्याचे रेणू एकमेकांना जोडत जोडत लांब साखळ्या करायच्या, म्हणजे तो घट्ट होत होत शेवटी काचेसारखा कठीण होतो. पण साच्यात ओतायच्या आधी तो नेमका एकतारी पाकाइतका दाट हवा. पातळ राहिला तर साच्यातून गळतो, जास्त दाटला तर आत हवा अडकते आणि बुडबुडे राहतात. बुडबुडा हा सरांचा जन्माचा वैरी होता. विलायतेत काही वर्षं काढून ते हेच शिकून आले होते. परत का आलात, असं मी एकदा विचारलं. "तिथं उजेडच नाई न बाई! आरपार दिसणारी वस्तू बनवाची आन् पाहाची कायच्यात?" असं ते म्हणाले. विलायतेनं त्यांना एक कोट दिला होता, तो खुंटीवर असायचा. बोलीवर मात्र तिचा काडीचाही परिणाम झालेला नव्हता.

तो द्रव बाहेरून मागवायचा तर परवाने, अर्ज आणि वाट पाहणं. सरांनी स्वतःच वाट काढली. युद्धानंतर लष्कराचा जो माल भंगारात निघाला त्यात विमानांच्या खिडक्यांची प्लास्टिकची तावदानं होती. ती ते भंगारवाल्यांकडून मिळवत, तुकडे करत, तापवत आणि त्याची वाफ थंड करून पुन्हा पातळ द्रव मिळवत. त्याचा वास काही विचारू नका. गोडसर, तिखट आणि चिवट. पलीकडच्या वर्गात इतिहासाचा तास असायचा. तिथले प्राध्यापक पानिपतापर्यंत आले की खिडक्या लावून घ्यायला सांगत. सर एस.टी.त बसले की आजूबाजूची माणसं हळूहळू पुढच्या बाकांवर सरकत. सरांना याचा पत्ता नसे. "आपल्या गाडीले नेहमी जागा असते," असं ते आनंदानं सांगत.

आता मामींबद्दल सांगायला हवं. मामी म्हणजे सरांच्या सासूबाई, विमलताईंच्या आई. तेल्हाऱ्याकडे त्यांची काळ्या मातीची जमीन होती आणि नवरा गेल्यापासून ती त्यांनी एकटीनं सांभाळली होती. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या बांधावरचा बैल थांबावा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. अकोल्याला ऑपरेशन झालं आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा मिळाला. चष्मा लावला की दिसायचं चांगलं, पण तो नाकावर राहायचा नाही. खाली घसरायचा, नाकाला जखमा करायचा. "नाकावर कोनं पाटा ठेवल्यावानी वाटते," असं म्हणून मामी तो खुंटीला अडकवत आणि चाचपडत फिरत. एकदा साखर समजून चहात मीठ पडलं, ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग ऑपरेशननंतर चार दिवस अमरावतीला लेकीकडे आल्या असताना एके दिवशी त्या ओट्यावरून खाली पडल्या. हात मोडला नाही इतकंच.

त्यानंतर सर हटूनच बसले. गावच्या घराच्या अंगणात विहीर, तिला कठडा नाही, घरात दुसरं माणूस नाही. "चष्मा नाकावर टिकल्याशिवाय मी तुमाले जाऊ देत नाई," त्यांनी सांगितलं. मामींची फार पंचाईत झाली. त्या जुन्या वळणाच्या. लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा तो चार दिवसांचा. तिथं महिनोन् महिने राहायचं म्हणजे त्यांना अन्न गोड लागेना. "जवाईबापू, लोक काय म्हन्तीन? मले माह्या घरी जाऊ द्या," एवढं एकच त्यांचं मागणं होतं.

"हलका चष्मा बनवून देतो. प्लास्टिकच्या भिंगांचा. तो लावा आन् खुशाल जा," सर म्हणाले. "तवलग अठीच राहा."

असा तो करार झाला. पुढच्या दसऱ्यानंतर कापूस वेचणीला येईल, तोवर मामींना आपल्या वावरात पोचायचं होतं. आमच्या दोन खोल्यांतलं सगळं शास्त्र त्या दिवसापासून मामींच्या नाकासाठी राबू लागलं.

साचे मिळवायला आम्ही अकोल्याला गेलो. तिथे हाशमभाई नावाचे चष्मेवाले होते, त्यांनीच मामींचा जाड चष्मा बनवला होता. योग्य बाकाच्या काचा त्यांनी घासून दिल्या. अशा दोन काचांच्या मध्ये पाक ओतायचा, कडेनं सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी लावायची, की भिंगाचा साचा तयार.

थंडीचे दिवस होते. साचे रात्रंदिवस सारखे कोमट ठेवायला हवे होते आणि आमच्या विजेचा भरवसा नव्हता. सरांच्या डोक्यात कल्पना आली. त्यांनी जिनिंगच्या कारखान्यातून छान पिंजलेली रुई आणवली, लाकडी पेटीत भरली आणि गरम केलेले साचे तिच्यात खोल पुरले. "रुईतून ऊब जात नाई. थंडीत आपण दही लावतो न, तसंच," ते मला म्हणाले. मलाही ते पटलं. सकाळी येऊन बघतो तर पेटीचं झाकण वर उचललेलं, काचा तडकलेल्या, आणि भिंगांच्या जागी बुडबुड्यांनी फुगलेले, कापूस चिकटलेले दोन पांढरे गोळे. पाक घट्ट होताना स्वतःच तापतो, हे सर वर्गात दरवर्षी शिकवत. रुईनं ती उष्णता बाहेर जाऊच दिली नव्हती आणि पाक अक्षरशः उकळला होता.

सर पेटीसमोर उभे राहून पोट धरून हसले. "आपण वऱ्हाडी लोक, बाई! काही सुचलं नाई की कापूस घालतो!"

गोळे त्यांनी घरी नेऊन मामींना दाखवले. मामींनी ते चाचपले, वास घेतला आणि विचारलं, "जवाईबापू, हे डोयाले लावाचं का चहात बुडवून खाचं?"

त्याच सुमारास विद्यापीठाची समिती आली. संशोधनाचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, हे तिच्या हातात होतं. मी ओळीनं नमुने मांडून ठेवले होते. सरांनी सगळ्यांत आधी तो फुगलेला गोळाच पुढे केला आणि चूक कशी झाली ते इतक्या रंगून सांगितलं की मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. समितीचे अध्यक्ष वयस्क, गंभीर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "प्रोफेसर वाकोडे, या संशोधनाचा राष्ट्राला उपयोग काय?"

"राष्ट्राचं पाहू साहेब," सर म्हणाले. "आधी माझ्या सासूले दिसलं पाह्यजे."

मी मनातल्या मनात नवी नोकरी शोधायला लागले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या मातोश्रींचंही ऑपरेशन झालंय. त्याही लावत नाहीत." मग चहा येईपर्यंत सर आणि अध्यक्ष नाकांच्या जखमांबद्दल बोलत बसले. अनुदान चालू राहिलं.

उन्हाळा लागला आणि सरांना खरी वाट सापडली. उष्णतेऐवजी उजेडानं पाक घट्ट करायचा. त्यात एक द्रव्य चिमूटभर घातलं की नुसत्या उन्हानंच रेणू जोडले जातात. साचे काचेच्या परातीत थंड पाण्यात ठेवायचे, म्हणजे वरून ऊन मिळतं आणि खालून तापलेला पाक निवत राहतो. "विलायतेत यासाठी मोठमोठे दिवे लावतात. आपल्याले देवानं फुकट देऊन ठेवलं," म्हणत सर भर दुपारी मुख्य इमारतीच्या गच्चीवर चढले. वैशाखातली अमरावतीची दुपार म्हणजे कावळासुद्धा सावली सोडत नाही. सरांच्या डोक्याला ओला दुपट्टा, माझ्या डोक्यावर छत्री, बाजूला पाण्याचा रांजण. परातीतलं पाणी कोमट झालं की काढायचं, रांजणातलं गार घालायचं. येणारेजाणारे वर बघून हात जोडत. त्यांना वाटायचं, पावसासाठी काही अनुष्ठान चाललंय.

आणि भिंगं निघाली. स्वच्छ. सरांनी ती सूर्याकडे धरली, माझ्याकडे धरली, रांजणाकडे धरली. मग माझ्या हातात दिली. इतकी हलकी होती की तळहातावर काही आहे असंच वाटेना. मला रडू आलं, हे सांगायला आता हरकत नाही.

चष्मा बसवून मामींना दिला. त्यांनी तो लावला, मान हलवून बघितली, नाक चाचपलं आणि "अगं माय!" म्हणाल्या. घरात दिवाळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंचा निरोप आला, लगेच या. गेलो तर चष्म्याची भिंगं ताकासारखी पांढुरकी झालेली. मामींनी चष्मा राखेनं घासला होता. पितळी भांडी, समईचे पाय आणि जुन्या चष्म्याच्या काचा त्या राखेनंच घासत आल्या होत्या. काचेला काही झालं नव्हतं, हे प्लास्टिक मऊ पडलं. मामी इतक्या खजील झाल्या की दिवसभर तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी सर म्हणाले, "मामी, भांडा न थोडं. घर सुनं वाटून राह्यलं." तेव्हा कुठे त्या हसल्या.

मग पावसाळा लागला. ऊनच नाही तर भिंगं कशी होणार? ढग पाहत बसलो. भाद्रपदाच्या शेवटी ऊन परतलं आणि पहिल्याच प्रयत्नात सुंदर जोडी निघाली. सरांनी ती उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बारीक रेघ हाय. पुन्हा करू."

मला रेघ दिसली नाही. पण सरांची नजर ती सरांची नजर. पुन्हा केली. "कडेले धूसर हाय." पुन्हा केली. "आता डावं भिंग जरा पिवळं वाटते." दसरा जवळ आला. मामी रोज विचारत, सर रोज मान हलवत. भिंगं कापसात गुंडाळून खणात पडत होती. शेवटी मी यजमानांबरोबर अकोल्याला काही कामासाठी जाणार होते, तेव्हा त्यातली एक जोडी बरोबर घेऊन गेले. हाशमभाईंनी ती आपल्या यंत्रावर तपासली, उलटीपालटी केली.

"इसमें क्या खराबी है, बाई?"

"सर म्हणतात, रेघ आहे."

हाशमभाई हसले. "साब को बोलना, ये तो कब का पास है. लकीर होती तो मेरे को भी दिखती ना."

परत येऊन मी विमलताईंच्या स्वयंपाकघरात गेले आणि सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, हात थांबला नाही. "मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "यांची आई हे लहान असताना गेली. सगळं आयुष्य बोर्डिंगात आन् खानावळीत. ताटात भाकरी उरली तं रागावणारं कोनी नाई, उशिरा आले तं बोलणारं कोनी नाई. मी बोलत नाई, माझा सोभावच नाई. माय आली आन् रोज संध्याकाळी यांच्याशी भांडाले लागली. हे इतके खूश मी कधी पाह्यले नाई." बाहेरच्या खोलीतून त्याच वेळी कपाशीच्या भावावरून दोघांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. मी गप्प बसले.

पण मामी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दसऱ्याच्या आधी एका दुपारी रिक्षा आमच्या पत्र्याच्या खोल्यांसमोर थांबली आणि मामी उतरल्या. एका हातानं जाड चष्मा नाकावर दाबून धरलेला. "कुटी हायेत ते भिंगं? दाखवा तं खरं," त्या म्हणाल्या. सर काही बोलायच्या आत मी खण उघडला. मामींनी जाड चष्मा काढला, एक जोडी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि दारातून बाहेर पाहिलं. मग सरांकडे वळल्या.

"जवाईबापू, तुमी डाव्या गालाची दाढी नीट नाई करत."

सरांचा हात गालाकडे गेला.

"याच्यात रेघ कुटी हाय?"

वर्गात ज्यांना बोलताना थांबवावं लागायचं ते सर टेबलावरचा चिमटा उचलून ठेवत होते, ठेवून उचलत होते.

"वावरात कापूस फुटून राह्यला बापू," मामींचा आवाज एकदम खाली आला. "मी माह्या ओट्यावर बसून मराचं म्हन्ते, लेकीच्या ओट्यावर नाई. मले जाऊ द्या."

"तिथं तुमच्याशी भांडाले कोण हाय?" सर कसेबसे म्हणाले.

"कोनीच नाई. म्हून तं तुमाले दर महिन्याले या लागन."

सरांनी त्याच संध्याकाळी ती भिंगं चौकटीत बसवली. बसवताना एकदाही उजेडाकडे धरली नाहीत.

आमची बदली पुढच्याच हिवाळ्यात झाली. सरांची पत्रं येत, त्यांच्या शोधनिबंधांच्या प्रती येत. पण सर म्हटलं की मला ती एस.टी. स्टँडवरची सकाळच दिसते. मामी एकट्याच निघाल्या होत्या, तसा त्यांचा हट्टच होता. सरांनी पेटी आणि वळकटी टपावर चढवली, कंडक्टरला नको इतक्या सूचना दिल्या, मामींच्या पाया पडले आणि दूर निघून गेले. पार पलीकडच्या पानठेल्याजवळ जाऊन, वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. विमलताई आणि मी खिडकीशी होतो. गेलं वर्षभर एवढ्या अंतरावरची गाय आणि माणूस मामींना वेगळे ओळखता येत नव्हते, त्यामुळे सर निश्चिंत असावेत. मधूनच ते अर्धे वळत आणि पुन्हा फळ्याकडे बघत.

गाडी सुरू झाली, वळण घेऊन पानठेल्याच्या दिशेनं निघाली. खिडकीतून मामींचं डोकं बाहेर आलं. बांधावरून बैल थांबवणारा तो आवाज सगळ्या स्टँडवर घुमला.

"जवाईबापू! डोये पुसा! दिसून राह्यलं मले!"

सगळा स्टँड सरांकडे बघायला लागला. सरांनी खिशातून रुमाल काढला, गाडीकडे तोंड करून सगळ्यांदेखत दोन्ही डोळे नीट पुसले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तोच रुमाल हलवत उभे राहिले.